कांद्याची सोळा गुणसूत्रे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात मोठ्या संशोधन विद्यापीठात जीवशास्त्र शिकण्याचे कौतुक वाचले. तिथे नामवंत संशोधक स्वतः शिकवतात, हे अगदी खरे. मलाही एका नामवंतांनी शिकवले. तीनशे जणांच्या वर्गात शेवटून तिसऱ्या बाकावरून ते दिसायचेसुद्धा.

पण पहिल्या वर्षापासून विद्यार्थी 'प्रत्यक्ष विज्ञान' करतो म्हणे! मी काय केले ते सांगते. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड, पाच जणांत एक मायक्रोस्कोप. टोक आम्लात मऊ केले, ॲसिटोकार्मिनने रंगवले, वर कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबले, तर ती कडकन तडकली. दुसरी केली. विभाजन चालू असलेल्या पेशी थोड्याच असतात, त्यांत मेटाफेज (विभाजनातली गुणसूत्रे सर्वांत ठळक दिसण्याची अवस्था) हुडकायचा म्हणजे वेळ हवा. माझी पाळी आली तोवर पुढची बॅच दारात उभी. डेमॉन्स्ट्रेटर (स्वतःच्या पीएचडीने गांजलेला, बिचारा) म्हणाला, "आकृती पुस्तकातली काढा, सोळा गुणसूत्रे दाखवा, सही घ्या आणि निघा." काढली. दहापैकी दहा मिळाले. कांद्याचे एकही गुणसूत्र मी आजतागायत पाहिलेले नाही.

किरकोळ वाटेल हे. पण माणसाची गुणसूत्रे ४८ असे तीसेक वर्षे पुस्तकांत छापून येत होते आणि पुढचे तेच उतरवत होते. १९५६ मध्ये त्जिओ आणि लेवान या शास्त्रज्ञांनी ती नीट पसरवून मोजली, तेव्हा ४६ निघाली. आमच्या बॅचने ४८च काढली असती, सहीसकट.

संशोधनाच्या प्रयोगशाळेतही एक सत्र काढले. पिपेटच्या टिपा डब्यांत भरल्या, काचसामान धुतले. ज्यांची प्रयोगशाळा, त्या सरांची भेट एकदा झाली, लिफ्टमध्ये.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चित्रातला डीएनए डाव्या पिळाचा आहे. पेशीत तो सहसा उजव्या पिळाचा असतो. आपल्या चित्रकारानेही तो कुठून तरी उतरवलाच असणार, तेव्हा त्यालाही दहापैकी दहा द्यायला माझी हरकत नाही. दुरुस्ती मात्र छापावी, आणि ती आतल्या पानाच्या तळाशी नको.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी