तक्रार पत्र: न्यूजरीडरच्या नव्या आवृत्तीत रखडणारा डाउनलोड आणि बिघडलेलं सॉर्टिंग

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डेस्कटॉप न्यूजरीडरचा डाउनलोड वेग व सॉर्टिंगच्या सोयीबाबत तक्रार

महोदय,

आपल्या न्यूजरीडरचा, म्हणजे न्यूजग्रुप या इंटरनेटवरच्या चर्चागटांतले लेख वाचायच्या प्रोग्रामचा, पैसे भरून घेतलेला परवाना माझ्याकडे आहे. नव्या आवृत्तीत न्यूजग्रुप उघडायला फार वेळ लागतो आणि यादीचा क्रमही भलताच लागतो, हे मी आपल्या मदत कक्षाला कळवलं होतं. उत्तर आलं, ‘कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा.’ पुन्हा सविस्तर लिहिलं, तर तेच उत्तर परत आलं, वर राउटर बंद करून चालू करण्याची सूचना. म्हणून हे पत्र लांबलं आहे. दोष माझ्या लाइनचा नाही, आपला प्रोग्राम सर्व्हरकडे ज्या पद्धतीने मागणी करतो त्या पद्धतीचा आहे.

आपल्याच प्रोग्राममध्ये नेटवर्क लॉगची, म्हणजे सर्व्हरशी झालेल्या देवाणघेवाणीच्या नोंदीची, खिडकी आहे. ती उघडी ठेवून एक ग्रुप उघडून पाहा. ‘हेड 48211’ अशी एक ओळ जाते. सर्व्हर 221, म्हणजे ‘हा घ्या’, असं उत्तर देऊन त्या क्रमांकाच्या लेखाचा हेडर, म्हणजे विषय, लेखक, तारीख वगैरे वरची माहिती, पाठवतो. मग ‘हेड 48212’, पुन्हा 221. मग 48213. शेवटपर्यंत हेच. आधीच्या लेखाचं उत्तर पूर्ण येईपर्यंत पुढची मागणी निघतच नाही. ढिगातली एक वीट नेऊन ठेवायची आणि पुढच्या विटेसाठी पुन्हा रिकाम्या हाताने चालत यायचं, तसला हा प्रकार आहे.

आता हिशेब मांडू. सर्व्हर दूरच्या देशात असेल तर मागणी जाऊन उत्तर यायला 150 मिलिसेकंद लागणं काही विशेष नाही. ग्रुपमध्ये 5,000 लेख असले तर नुसत्या ये-जा करण्यात 750 सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं जातात. एका हेडरचा एक किलोबाइट धरला तर एवढ्या वेळात आलेला माल फक्त 5 एमबी. 50 एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला सहा एमबीहून जास्त येऊ शकतात. म्हणजे जे काम सेकंदाच्या आत व्हावं, त्याला साडेबारा मिनिटं. उद्या मी याच्या दुप्पट वेगाची लाइन घेतली तरी यात काडीचा फरक पडणार नाही, कारण वेळ जातोय तो वाट पाहण्यात. आपल्या मदत कक्षाने एवढी एक गोष्ट समजून घेतली तरी पुढच्या ग्राहकाचा राउटर वाचेल.

यावरचा उपायही काही नवा नाही. ‘ओव्हर’ ही आज्ञा एनएनटीपीच्या, म्हणजे न्यूजग्रुपच्या सर्व्हरशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, 2006 च्या मानकात आहे; इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या आरएफसी मालिकेत त्याचा क्रमांक 3977. त्याआधीही ‘एक्सओव्हर’ या नावाने ती सर्रास वापरात होती आणि 2000 च्या आरएफसी 2980 मध्ये तिची नोंद आहे. एकाच आज्ञेत लेखांची अख्खी रांग मागता येते. प्रत्येक लेखाचा विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी (त्या लेखाची एकमेव ओळख), संदर्भ, बाइट आणि ओळींची संख्या असं सगळं एकेका ओळीत मिळतं. यादी दाखवायला याहून जास्त काही लागत नाही. लेखांचा मजकूर उतरवतानाही पहिल्या उत्तरासाठी न थांबता पुढच्या मागण्या पाठवत राहायची मुभा त्याच मानकाने दिली आहे. टर्मिनलवर चालणारा स्लर्नसारखा जुना, फुकट मिळणारा न्यूजरीडर हेडर असेच झटक्यात आणतो. आपल्या मागच्या आवृत्तीतही ही अडचण नव्हती, म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही. कोणीतरी ते काढून टाकलं.

त्यात भर म्हणजे ग्रुप बंद करून पुन्हा उघडला की सगळे हेडर पुन्हा पहिल्यापासून येतात. सर्व्हर ग्रुप उघडतानाच सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा लेखक्रमांक सांगतो, आणि नव्या लेखांना चढते क्रमांक मिळतात. मागच्या वेळी कुठवर आलो होतो तो आकडा लक्षात ठेवला की पुरे. सेटिंगमध्ये ‘एकाच वेळी चार कनेक्शन’ असा पर्याय आहे, तो मी निवडला आहे, पण लॉगमध्ये सगळी वाहतूक एकाच कनेक्शनवरून जाताना दिसते. पर्याय नुसता दाखवायला ठेवलाय का?

आता सॉर्टिंगबद्दल. खरं सांगायचं तर वेगापेक्षा याचाच जास्त वैताग येतो. उशीर झाला तर माणूस दुसरं काम करतो, पण चुकीच्या क्रमाने लागलेली यादी वाचताच येत नाही.

मुख्य यादीत तारखेवर क्लिक केलं की पुष्कळदा उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. कारण उघड आहे. समजा, जपानमधून कोणी 4 जूनला सकाळी 9 वाजता प्रश्न विचारला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून 40 मिनिटांत उत्तर आलं. तिथल्या घड्याळात तेव्हा 3 जूनची संध्याकाळ, 5 वाजून 40 मिनिटं असतात. तारखेच्या शेवटी +0900 आणि -0700 असा जागतिक वेळेपासूनचा फरक स्वच्छ लिहिलेला असतो, पण प्रोग्राम तिकडे बघत नाही. परिणामी उत्तर आदल्या दिवशीचं ठरतं. शोधाच्या निकालांची गत याहून वाईट. तिथे तारीख चक्क अक्षरांप्रमाणे लागते, आणि ती इंग्रजी वाराने सुरू होत असल्यामुळे आपल्या आठवड्याचा क्रम असा होतो: शुक्रवार, सोमवार, शनिवार, रविवार, गुरुवार, मंगळवार, बुधवार. हे प्रकाशनाआधी कोणी एकदाही उघडून पाहिलं नाही, असंच म्हणावं लागतं.

अनेक भागांत पाठवलेल्या लेखांचंही तेच. पहिल्या भागानंतर दहावा, अकरावा, बारावा आणि मग दुसरा. विषयात इंग्रजीबाहेरची अक्षरं असली तर तो ‘=’ ने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात येतो, आणि तो उलगडण्याआधीच क्रम लावला जातो, त्यामुळे असे सगळे लेख ‘=’ या चिन्हाखाली एका गठ्ठ्यात जाऊन पडतात. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी वर्णक्रमाची आशाच सोडायची.

थ्रेडबद्दल, म्हणजे एका चर्चेतल्या लेखांच्या साखळीबद्दल, आणखी एक. प्रत्येक उत्तराच्या ‘रेफरन्सेस’ हेडरमध्ये ते कोणत्या लेखाला दिलं आहे हे मेसेज-आयडीसकट लिहिलेलं असतं. नवी आवृत्ती त्याऐवजी विषयाची ओळ जुळवत बसते. ‘मदत हवी’ या विषयाचे एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले प्रश्न त्यामुळे एका थ्रेडमध्ये कोंबले जातात, आणि मधेच कोणी विषय बदलला की चालू चर्चेचे दोन तुकडे होतात.

आणि ज्याने माझा सर्वांत जास्त संताप झाला ते असं: हेडर येत असताना प्रत्येक नव्या हेडरबरोबर यादी पुन्हा सॉर्ट होते. मी एका लेखावर माउस नेतो, बटण दाबेपर्यंत यादी सरकते आणि भलताच लेख उघडतो. तो लगेच ‘वाचलेला’ म्हणून यादीतून नाहीसाही होतो, कारण वाचलेले लेख लपवण्याची सोय आपण आता मुळातच चालू करून ठेवली आहे. जो वाचायचा होता तो राहिला बाजूला, आणि न वाचलेला गेला. हेडर येऊन संपले की एकदाच क्रम लावा, नाहीतर निदान माझी निवडलेली ओळ जागची हलवू नका.

आपला प्रोग्राम टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. लेखांना गुण देऊन नकोसे लेख आपोआप बाजूला टाकण्याची आपली सोय इतकी चांगली दुसरीकडे मला मिळाली नाही. नाहीतर एवढं लिहीत न बसता सरळ दुसरा प्रोग्राम घेतला असता.

माझ्या मागण्या साध्या आहेत. हेडर एकगठ्ठा मागवा आणि जे आधीच आले आहेत ते परत आणू नका. तारीख वेळेच्या फरकासकट मोजा, भागांचे आकडे आकडे म्हणून वाचा, थ्रेड संदर्भावरून बांधा. यातलं काय आणि कोणत्या आवृत्तीत होणार हे मला लेखी कळवा. होणार नसेल तर परवान्याचे पैसे परत करा.

एक काम मात्र लगेच करता येण्यासारखं आहे. नव्या आवृत्तीने माझा साठवलेला डेटा न विचारता नव्या रचनेत बदलला, आणि आता तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल आणि डेटा परत जुन्या रचनेत आणण्याची सोय, दोन्ही पाठवा. लॉगची फाइल आणि याद्यांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. हे पत्र कृपया प्रोग्राम लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवावं, मदत कक्षात ठेवू नये.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक