युद्धकाळात हॅम रेडिओ : आधी बंदी, मग काम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ आणि नागरी संरक्षणाची देशव्यापी रंगीत तालीम एकाच दिवशी झाली. तेव्हापासून पुण्यात एक वाक्य वरचेवर कानी पडते : ‘मोबाइल बंद पडले तरी हॅमवाले आहेतच.’ हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन छंद म्हणून स्वतःच्या रेडिओसेटवर बोलणारे लोक. पूर आणि भूकंपासाठी ते वाक्य खरे आहे. युद्धासाठी मात्र ते गृहीत धरू नये.

युद्ध पेटले की सरकार सर्वांत आधी हौशी रेडिओचालकांना गप्प करते. १९३९ साली हिंदुस्थानात परवाने स्थगित झाले आणि ट्रान्समीटर जमा करावे लागले. अमेरिकेने पर्ल हार्बरनंतर हॅमचे प्रक्षेपण बंद केले आणि युक्रेनने फेब्रुवारी २०२२ मध्ये. यात अन्याय काही नाही. कोणतेही प्रक्षेपण दिशाशोधक यंत्राने शोधता येते, आणि हॅमला नियमाने उघड्या भाषेतच बोलावे लागते, सांकेतिक भाषा वर्ज्य. तेव्हा शत्रूलाही सगळे फुकट ऐकू जाते.

पण गप्प केलेल्या या लोकांकडून काम करून घेण्याची सोयही तेव्हा निघाली. ब्रिटनमध्ये घरबसल्या जर्मन हेरखात्याचे मोर्स लिपीतले (टिंब-रेघांचे) संदेश उतरवून घेणारे हॅम आपले कागद ‘बॉक्स २५, बार्नेट’ या पत्त्यावर टपालाने धाडत. अमेरिकेत १९४२ साली नागरी संरक्षणासाठी वेगळी रेडिओसेवा सुरू झाली. तिचे परवाने व्यक्तींना नव्हे, नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांना मिळत आणि सेट बहुधा हॅमच चालवत. आमचा मुद्दा हाच आहे. काय बोलायचे, कुणाच्या सहीने आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, हे शांततेत कागदावर उतरले नाही, तर ऐनवेळी शंभर वॅटचा सेट शोभेची वस्तू ठरेल.

आता तांत्रिक बाजू. पाच वॅटच्या हातातल्या सेटवर शहर पार होईल, या भ्रमात राहू नये. कोथरूड आणि सेनापती बापट रस्ता यांच्यामध्ये वेताळ टेकडी उभी आहे. डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेले लगेच पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र, तिथे मदत करतो, पण तो एकटा असतो. त्याची बॅटरी संपली की सगळेच मुके. म्हणून रिपीटरशिवाय बोलण्याचा सराव हवा. सेटबरोबर येणारा रबरी अँटेना काढून ४९ सेंटिमीटरच्या तांब्याच्या पाच तारांचा अँटेना गच्चीवर लावावा : एक तार उभी, चार ४५ अंशांत खाली झुकवलेल्या. १४५ मेगाहर्ट्‌झला तो चोख चालतो. केबल मात्र आखूड ठेवावी. पंधरा मीटर पातळ केबलमध्ये निम्मी पॉवर वाटेतच जिरते.

मुळशी, वेल्हे, भोरच्या दऱ्यांत यातले काहीच पोचत नाही. तिथे ७.१ मेगाहर्ट्‌झ आणि प्रत्येकी दहा मीटरच्या दोन भुजांचा डायपोल लागतो. तो जमिनीपासून चार ते सहा मीटरवरच बांधायचा. लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली परततात आणि तीनेकशे किलोमीटरचा परिसर व्यापतात, डोंगर आड येत नाही. इथे नवशिके हटकून चुकतात. लांबचे ऐकू यावे म्हणून ते उभा अँटेना लावतात, मग केरळ खणखणीत आणि भोर गप्प. रात्री ७ मेगाहर्ट्‌झच्या सरळ वर गेलेल्या लहरी पुष्कळदा परततच नाहीत. त्यासाठी ३.६ मेगाहर्ट्‌झची, वीस-वीस मीटर भुजांची दुसरी तार आधीच कापून ठेवावी. अंधारात टेप घेऊन मोजत बसणे शहाणपणाचे नाही.

विजेचा हिशेब असा. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली, तर हाती ७५ उरतात. शंभर वॅटचा सेट पूर्ण जोरात वीसेक अँपिअर खेचतो, आवाजाच्या चढउताराने सरासरी दहाच्या आसपास येते. तासातली बारा मिनिटे बोलून बाकी वेळ ऐकले तर तासाला सुमारे तीन अँपिअर-तास, म्हणजे एक दिवस निभतो. पॉवर २५ वॅटवर आणली तर पलीकडच्या सेटच्या मीटरवर सिग्नल जेमतेम एका घराने उतरतो. बिघाड बहुधा तारेत असतो. घरातली दीड चौरस मिलिमीटरची तार दोन मीटर नेली, तर जाऊन-येऊन एक व्होल्ट पडतो आणि सेट वाक्याच्या मध्येच बंद पडतो. चार चौरस मिलिमीटर वापरा आणि दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज लावा. सेट इन्व्हर्टरवर नव्हे, थेट बॅटरीवर चालवा. वीज गेली की रेडिओवरची खरखर कशी छान थांबते, आणि दोन मिनिटांत सोसायटीतले इन्व्हर्टर कुरकुरू लागतात!

निरोप नेहमी लिहूनच द्यावा : क्रमांक, निकड, कुणाकडून, कुणाला, वेळ, शब्दसंख्या. घेणाऱ्याने शब्द मोजून जुळवायचे. मराठीत आकडे ही खरी अडचण आहे. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ एकच वाटतात. रेडिओवर आवाजाच्या वरच्या पट्ट्या कापल्या जातात, त्यात ‘स’ विरतो आणि ‘सात’चा ‘आठ’ होतो. रक्ताच्या पिशव्यांच्या बाबतीत हे चालणार नाही. आकडे सुटे सांगावेत, सात-आठला सरळ ‘सेव्हन’, ‘एट’ म्हणावे.

रुग्णवाहिका, रक्तगट, पाणी, हरवलेली माणसे एवढेच बोलावे. लोहगावच्या हवाई तळावरून किती विमाने उडाली, ताफा कोणत्या रस्त्याने गेला, स्फोट नेमका कुठे झाला, हे कधीही नाही. शेवटची माहिती तर शत्रूचा नेम सुधारून देते.

ऑनलाइन वॉकीटॉकी मागवून ‘तयार’ झालेल्यांसाठी एवढेच : विनापरवाना वापर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमधल्या, ठरावीक कमी पॉवरच्या सेटपुरताच आहे. बाकीच्यांना परवाना लागतो. हॅमची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते आणि प्राथमिक श्रेणीला मोर्सही लागत नाही.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आमचे मागणे तीन ओळींचे आहे. नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर वीस मीटर तार बांधायला जागा द्यावी. तालुकावार परवानाधारकांची यादी करून, बंदीच्या काळात त्यातल्या कुणी कोणत्या आदेशाने बोलायचे याचा मसुदा दूरसंचार विभागाकडून आताच मंजूर करून घ्यावा. आणि वर्षातून दोनदा, एकदा भर पावसात, मोबाइल बाजूला ठेवून कक्षातून प्रत्येक तालुक्याला लेखी निरोप पाठवून पाहावा.

आपले,
पुण्यातील काही हॅम परवानाधारक