गृहपाठ वहीत द्या, फोनवर नको!

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय,

मुलांच्या हातातला मोबाईल काढून घ्या, असं आम्हा पालकांना हल्ली सगळेच सांगतात. पालकसभेत सांगतात, स्नेहसंमेलनाला आलेले प्रमुख पाहुणेही सांगून जातात. सांगणं रास्तच आहे. पण रात्री सव्वानऊला शाळेचाच मेसेज येतो तेव्हा काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

माझी मुलगी सहावीत. मी कुंडईच्या कारखान्यात, नवरा वेर्ण्याला. दोघांच्या पाळ्या सांभाळून रात्रीचं जेवण तरी एकत्र व्हावं, एवढीच धडपड. ताटं वाढली की फोन वाजायला लागतो. आधी गणिताची पीडीएफ, मागोमाग ‘उद्या चार्ट पेपर आणावा’. त्याखाली पालकांच्या ‘ओके टीचर’ची रांग. मग कोणीतरी विचारतं, कुठल्या रंगाचा? तोवर फोंड्यातली दुकानं बंद झालेली असतात. मुलगी उष्ट्या हातानंच फोन ओढते, कारण गणितं त्यातच आहेत. दोन गणितं उतरवून होतात आणि तिसऱ्याच्या आधी कुणाचा तरी नाच सुरू झालेला असतो. ओरडायचीही सोय नाही. ‘अभ्यास करते’ म्हणते, आणि ते सगळंच काही खोटं नसतं.

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. त्या दिवसांत शिक्षकांनी जे निभावलं त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळा उघडल्या, बाक भरले, तरी ग्रुप तसाच राहिला. डायरी आजही छापली जाते, तिचे पैसेही आम्ही भरतो, आणि गृहपाठाची पानं कोरी राहतात. शिक्षिकांना तरी याचं काय सुख? पावणेदहाला चार्ट पेपरचा रंग सांगताना त्यांच्याही ताटातला भात निवत असेलच.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती उघडायला बंदी केली. दंड मुलांना नाही, आई-बापांनाही नाही, तो कंपन्यांना. आपल्याकडे असा कायदा व्हायचा तेव्हा होवो. तो दिल्लीचा विषय आहे म्हणाल, तर मान्य. गृहपाठ कसा द्यायचा हा मात्र पर्वरीचाच विषय आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहू लागले. ते जमलं, कारण मोठ्यांनीही आपापले रिमोट खाली ठेवले. मी भोंगा मागत नाही. आमच्या वाड्यावर त्या वेळी घराघरातून मालिकांची शीर्षकगीतं चालू असतात, भोंगा ऐकणार कोण? मोठ्यांचं खापर मुलांवर फोडायचं नाही, हेही कबूल. चवथीला घुमट-शामेळावर आरती चालू असताना निम्मे मोठे रील काढत होते, उरलेले फोनवर शब्द बघून म्हणत होते, आणि कासाळे (मोठ्या झांजा) धरायला एक पोर मिळेना. हे सरकारने सोडवायचं नाही, ते आमचं आम्ही बघू.

तुमच्याकडून हवं आहे ते शिक्षण खात्याचं एक परिपत्रक. गृहपाठ शाळा सुटण्याआधी डायरीत उतरवून द्यावा. वर्कशीट द्यायचंच असेल तर शाळेने छापून द्यावं. झेरॉक्ससाठी थोडं अनुदान वाढवावं लागलं तर वाढवा. चार्ट पेपर, रंग, कागद हवे असतील तर दोन दिवस आधी सांगावं. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काहीही येऊ नये, अपवाद फक्त पावसाच्या रेड अलर्टची सुट्टी किंवा बस येणार नसल्याचा निरोप. आणि हे सरकारी शाळांपुरतं ठेवू नका, अनुदानित शाळांनाही बांधून घाला. आमची बहुतेक मुलं तिथेच शिकतात.

जमल्यास आणखी एक. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची, मुलांचा विभागही छान आहे, पण शिरोड्याचं पोर संध्याकाळी पणजीला जाणार कसं? गावच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट आणि मैदान पाच ते सात उघडं ठेवा. शिपायाला जादा तासांचे पैसे द्यावे लागतील, ते द्या.

परिपत्रक नवीन शालेय वर्षाच्या आधी निघावं. त्याची प्रत शाळेच्या फलकावर लावायला सांगा. ग्रुपवर टाकू नका.

आपली,
एक पालक, फोंडा तालुका