मित्रास पत्र : बोलण्यापूर्वीची प्रार्थना

अहिल्यानगर

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. नाताळानंतर कार्यालयात डबा खाताना सहकाऱ्याने "तुमचा येशू म्हणजे नेमका कोण?" असे सरळ विचारले आणि तू "आमचा सण असतो" एवढे पुटपुटून विषय चटणीवर नेलास, हे वाचून मला आधी हसू आले आणि मग स्वतःचीच लाज वाटली; कारण अशा चटण्या मीही पुष्कळ वाढल्या आहेत.

साक्ष देणाऱ्यांचा, म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी उघड बोलणाऱ्यांचा, धीटपणा उपजतच असतो काय, असे तू विचारतोस. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा चौथा अध्याय पुन्हा वाच. पांगळ्याला बरे केल्यावरून येशूचे शिष्य पेत्र व योहान यांना अटक झाली, न्यायसभेपुढे ते निर्भयपणे बोलले, आणि येशूच्या नावाने यापुढे अक्षरही काढू नका अशी ताकीद मिळून सुटले. आपल्या माणसांत परतल्यावर सर्वांनी मिळून जी प्रार्थना केली, तीत धमक्या टळाव्यात किंवा अधिकारी बदलावेत असे मागणे नाही. धमक्यांकडे तू पाहा, एवढे देवाला सांगून त्यांनी मागितले ते बोलण्याचे धैर्य. जे धैर्य त्यांनी नुकतेच सभेपुढे दाखवले होते, तेच! येशूच्या अटकेच्या रात्री शेकोटीपाशी दासीसमोर प्रभूला नाकारलेल्या पेत्राला स्वतःची चांगलीच ओळख पटलेली असावी.

प्रेषित पौलाचेही तसेच. कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला तो तुरुंगातून लिहितो की दार उघडावे म्हणून आमच्यासाठी प्रार्थना करा; पण हे दार कोठडीचे नव्हे, देवाचे वचन सांगण्याचे.

आपल्याकडचे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन या निराधार स्त्रिया-मुलींसाठीच्या आपल्या संस्थेत विशेष प्रार्थनेसाठी रोज जमायला सुरुवात केली, तेव्हा सत्तरएक जणी येत; जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल, असे बाईंनी विचारले तेव्हा तीस तरुणी पुढे आल्या आणि निघण्यापूर्वी रोज एकत्र बसून सामर्थ्य मागू लागल्या. त्यानंतरच्या संजीवनाची, म्हणजे श्रद्धेच्या नव्या जागृतीची, वर्णने लोक अश्रू आणि अग्नी यांच्यासाठी वाचतात. मला मात्र पुढची वाट खेड्याची आहे हे ठाऊक असून गुडघे टेकणाऱ्या त्या तीस जणी अधिक महत्त्वाच्या वाटतात.

माझी स्वतःची गोष्ट फार लहान आहे. पहाटे दूध तापत असताना मी ओट्यापाशी उभा राहून वहीतली नावे घेतो. त्यांत शेजारच्या काकांचे नाव आठ महिने होते. सुरुवातीला मी केवळ त्यांच्याशी बोलण्याची संधी मागत असे. पुढे त्यांचा गुडघा, मुलाची अडलेली नोकरी, हेही आपोआप प्रार्थनेत येऊ लागले, आणि ज्यांना काही सांगायचे ते काका हळूहळू जवळचे झाले. एके संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवले. "तुमच्या स्वयंपाकघरातून पहाटे माझं नाव ऐकू येतं. काय भानगड आहे?" आमच्या भिंती पातळ आहेत, हे मी विसरलोच होतो.

मग पायरीवर बसून मी त्यांना सगळे सांगितले: येशू माझ्यासाठी कोण आहे, वधस्तंभ म्हणजे काय, तो पुन्हा उठला यावर माझा विश्वास का आहे. आवाज कापत होता, एक वचन मी चुकीचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुडघ्यासाठी चालू ठेवा." ते आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) आले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही, तसा आग्रह करणे मला धैर्य वाटत नाही. मात्र आता पायरीवरचा चहा ठरलेला आहे आणि प्रश्न तेच काढतात.

तुझ्या सहकाऱ्याचे नुसते नाव कळव. शनिवारी आमच्याकडे उपास-प्रार्थना असते, तेथे त्याच्यासाठी आणि तुझ्या जिभेसाठी मागू. तूही रोज त्याचे नाव घेत जा, आणि पुन्हा एकत्र डबा उघडाल तेव्हा काय झाले ते सविस्तर लिही.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र