तुझ्या गोळ्यांचे फोटो पाहून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाहिले आणि दुकानाचं शटर ओढून लगेच लिहायला बसलो.

बीपीसाठी एका गोळीच्या जागी दोन गोळ्या झाल्या म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं, असं तू धरून बसलायस. तसं नाही रे. एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या जातीची दुसरी गोळी कमी डोसात जोडली, तर बीपी जास्त उतरतं. तुझ्या आधीच्या अॅम्लोडिपिनच्या गोळीनं घोटे सुजायचे. सोबत टेल्मिसार्टन ही दुसरी गोळी असली की ती सूजही बऱ्याच जणांची कमी होते. ही जोडी चांगलीच आहे.

मला घोर लागलाय तो गावातल्या डॉक्टरांनी बीपीसाठीच दिलेल्या रॅमिप्रिलचा. शहरातल्या डॉक्टरांना तू गावातली चिठ्ठी दाखवली नसणार. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन नावानं वेगळी, पण शरीरातल्या एकाच यंत्रणेला आवर घालतात. २००८ साली ‘ऑनटार्गेट’ या पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात हीच दोन औषधं एकत्र देऊन पाहिली. फायदा वाढला नाही. बीपी फार उतरणं आणि किडनीचा त्रास मात्र वाढला.

त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी! तुझ्या टेल्मिसार्टनच्या पाकिटावर खाली बारीक अक्षरात क्लोरथॅलिडोनही लिहिलंय, म्हणजे लघवीवाटे मीठपाणी काढणारं औषध. त्यानं अंगातलं पाणी कमी होतं, डायक्लोफिनॅक किडनीत रक्त नेणारी वाट आवळतं आणि टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करतं. मग गाळणीला दाबच उरत नाही. तू तर उन्हात कांदा काढायला दिवसभर रानात. डायक्लोफिनॅक आजपासून बंद कर, गुडघ्यासाठी डॉक्टरांना दुसरं काही विचार.

बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं सोडू नकोस. उद्या सकाळची गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना फोन करून रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही चालू असल्याचं सांग, कोणती ठेवायची ते त्यांना ठरवू दे. मग सगळी पाकिटं पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओत, वहिनींनी आणलेलं ‘कमी सोडियमचं’ मीठसुद्धा. त्यात पोटॅशियम असतं आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टननं तेच रक्तात साठतं. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घे. जुलाब-उलट्या लागल्या तर यातल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते आत्ताच लिहून घे.

चक्कर आली किंवा लघवी कमी झाली, तर वाट बघू नकोस, लगेच दवाखाना गाठ. वहिनींना नमस्कार. उद्या संध्याकाळी फोन करतो, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांग.

तुझाच,
विलास