बटण दाबलं की माणूस बोलायचा

ताई,

सप्रेम नमस्कार. त्या दिवशी फोन ठेवताना मी नुसतं ‘बरं, थँक्यू’ म्हणालो, तेही अर्धवट, कारण घसा दाटून आला होता. हेडफोनच्या पिनेवरून घसा दाटणं या वयात शोभत नाही, म्हणून घाईघाईने फोन ठेवला. राहिलेलं आता लिहितोय. चारचौघांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे आणखी काही जण कुठेतरी मुक्या माणसांचे व्हिडिओ बघत बसलेले असणार.

मी रोज रात्री कॉम्प्युटरवर खगोलशास्त्राची व्याख्यानं बघतो. नोकरीत असताना जमलं नाही, ते आता करतोय. नवा कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच रात्री वक्त्याची वाचा गेली. सुरुवातीचं संगीत अगदी खणखणीत. मग माणूस उभा राहतो, हातवारे करतो, ओठ हलवतो, आणि त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, नुसता घुमारा, शब्द एक नाही. शेवटी टाळ्या मात्र कडकडून ऐकू येत. कशाबद्दल वाजवल्या, ते कळायचं नाही.

चार महिने हे चाललं. हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनी विचारलं, “आवाज येतोय ना सर?” मी म्हटलं, “येतोय, पण...” झालं. त्या ‘पण’पाशी त्यांनी तक्रार मिटल्याची नोंद केली. दुरुस्तीला आलेल्याने काही न ऐकताच फॉरमॅट मारला. जपून ठेवलेल्या व्याख्यानांची यादी त्यात गेली, विहीर होती तिथेच राहिली. तिसरा माझा पुतण्या. घरचाच, म्हणून जास्त लागलं. तो म्हणाला, “काका, कान तपासून घ्या.”

घेतले तपासून. बंद खोलीत बसवतात, कानात बारीक टूं वाजतं, ऐकू आलं की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत. वयाच्या मानाने उत्तम, असं लिहून मिळालं. म्हणजे कान ठीक, कॉम्प्युटर ठीक. उरलो मी. खरं सांगतो ताई, त्या कागदाने धीर यायच्या ऐवजी मी जास्त घाबरलो. कानात आवाज शिरतोय आणि शब्द कळत नाहीत, म्हणजे बिघाड आणखी वर, डोक्यात तर नसेल?

त्या मंडळींनी तपासलं ते चूक होतं असं नाही. आवाज साफ गेला की बहुतेक वेळा ब्राउझरचा तो टॅबच म्यूट झालेला असतो, किंवा व्हॉल्यूम मिक्सरमध्ये ब्राउझरचा आवाज तळाला गेलेला असतो, किंवा एचडीएमआयची केबल लावल्यापासून कॉम्प्युटर सगळा आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे पाठवत बसतो. हे मीही आता जाणतो. पण माझा आवाज गेलेलाच नव्हता. त्यातला फक्त माणूस गेला होता, आणि हे वाक्य कुणी पुरं ऐकून घेईना.

तुम्ही ऐकलंत. भाच्याने तुमचा नंबर दिला तेव्हा मी तक्रार पाठ करूनच ठेवली होती, थोडक्यात सांगायची म्हणून. ती सांगून झाल्यावर तुम्ही गप्प राहिलात. मला वाटलं, फोन कट झाला. मग तुम्ही विचारलंत, “काका, टाळ्या कशा ऐकू येतात? दोन्ही कानांत?” चार महिन्यांत टाळ्यांबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्या जोरावर मी एक गोष्ट सांगून टाकली, जी सांगायची मला लाज वाटत असे: हेडफोनच्या वायरीवर माइकचं जे बटण आहे ना, ते दाबून धरलं की माणूस बोलायला लागतो. सोडलं की परत विहिरीत. एक अख्खं व्याख्यान मी अंगठा दाबून ऐकलं होतं. अंगठा दोन दिवस दुखत होता. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत राहिला, त्यानंतर मी ते कुणाकडे काढलं नव्हतं.

तुम्ही हसला नाहीत. “थांबा काका, हे परत सांगा,” म्हणालात. मग “एक मिनिट हं.” तुमच्याकडे काहीतरी खुडबुड झाली, तोच व्हिडिओ सुरू झाल्याचं अंधुक ऐकू आलं, आणि तुम्ही एकदम ओरडलात, “अहो काका, माझाही माणूस विहिरीत पडला!”

तुम्ही स्वतःच्या हेडफोनची पिन थोडीशी बाहेर ओढून ऐकत होतात. मला जे ऐकू येत होतं तेच तुम्हाला ऐकू यावं म्हणून.

पुढचं तुम्ही सांगितलंत ते मी वहीत उतरवून घेतलंय. पिनेवर चार पट्ट्या: टोक डाव्या कानाचं, दुसरी पट्टी उजव्याची, उरलेल्या दोनांत एक माइकची आणि एक ग्राउंडची, म्हणजे दोन्ही कानांच्या परतीच्या वाटेची. या शेवटच्या दोघींचा क्रम दोन पद्धतींचा असतो. माझा हेडसेट जुन्या पद्धतीचा, कॉम्प्युटर नव्या. परतीची वाट धड न मिळाल्यामुळे दोन्ही कान एकमेकांतून वाट काढतात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. बोलणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून वजाबाकीत तो उडतो. संगीत आणि टाळ्या दोन्हीकडे वेगवेगळ्या पसरलेल्या, म्हणून त्या उरतात. आणि बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड आतल्या आत जोडले जातात, वाट मोकळी होते. माझा अंगठा चार महिने बरोबर निदान सांगत होता, ताई!

एक छोटा कनेक्टर मध्ये लावला की भागतं, असं तुम्ही म्हणालात. मी सरळ नवा हेडसेट घेतला. पण मला राहून राहून आठवते ती तुमची ओढलेली पिन. हुशार माणसं पुष्कळ भेटली. जो तो आपापल्या ठाकठीक कानांनी माझं गाऱ्हाणं ऐकत होता. तुम्हाला काय पडलं होतं? ना ओळख, ना पाळख, समोर कामाचा ढीग असणार. तरी तुम्ही दोन मिनिटं स्वतःचा चांगला आवाज मुद्दाम बिघडवून घेतलात. शिकवून येतं का हे? मला नाही वाटत. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

बुडालेल्या व्याख्यानांपैकी अकरा परत ऐकून झाली. एका वक्त्याचा आवाज अगदीच किनरा निघाला. विहिरीत बरा वाटायचा.

जुना हेडसेट मात्र टाकलेला नाही. परवा पुतण्या आला तेव्हा त्याला तो मुद्दाम लावायला दिला, बटणाचं काही न सांगता. दोनदा आवाज वाढवला त्याने, मग मान वाकडी करून म्हणाला, “काका, यात माणूस बोलतच नाहीये.”

मी म्हटलं, “कान तपासून घे.”

तुमचा,
विहिरीबाहेरचा काका