चिमणे, लेकीला नर्सिंगला घाल

रविवार, दुपार

प्रिय चिमणे,

हॉस्टेलमधलं हे नाव आता तुला कुणी घेत नसेल, पण माझ्या तोंडी दुसरं येतच नाही. तुझा लांबलचक मेसेज परवा नाईटला जाताना एसटीत वाचला. फोनवर चार वाक्यांत उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून आज वीकली ऑफला कागद-पेन घेऊन बसले आहे.

लेकीला बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंग करायचंय. भाऊजी म्हणतात, ती शिकून बाहेर पडेपर्यंत सगळं यंत्रंच करतील, मग चार वर्षं आणि पैसा कशाला घालवायचा? शिवाय त्यांनी पाठवलेला तो जपानी यंत्रमानवाचा व्हिडिओ. तू विचारलंस, ‘खरंच असं होईल का गं?’

आधी हे सांगते की भाऊजींना मी वेड्यात काढत नाही. ट्रेनिंगमधलं आठव. पुरुषांच्या वॉर्डात सलाईन लावलं की मनगटावरचं घड्याळ ड्रिप चेंबरशी धरून थेंब मोजायचो. 500 मिलि आठ तासांत, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. नळीवरचं थेंबांचा वेग ठरवणारं चाक, रोलर, लावून चार खाटा पुढे जावं, तोवर पेशंटनं हात हलवलेला असायचा आणि थेंबांची धार लागलेली असायची. एका नाईटला माझ्या हातून लावलेली बाटली तासाभरात रिकामी झाली होती. म्हाताऱ्याला काही झालं नाही, पण पहाटेपर्यंत मी त्याच्या उशाशी बसून छातीत घरघर ऐकू येते का ते बघत होते. इन्फ्युजन पंप पहिल्यांदा वॉर्डात आला तेव्हा मी त्याला हात जोडले होते. यंत्रानं थेंब मोजावेत, स्टोअरमधून सामान आणावं. 2020 साली वरळीच्या पोदार रुग्णालयात करोनाच्या पेशंटना जेवण, पाणी, औषधं पोचवायला ‘गोलर’ नावाचा यंत्रमानव फिरत होता. किटच्या आत आम्ही घामानं निथळत होतो त्या दिवसांत अशी मदत कुणाला नको होती?

आता तो व्हिडिओ. अस्वलाच्या तोंडाचा तो यंत्रमानव म्हणजे ‘रोबेअर’. जपानच्या रिकेन संस्थेनं 2015 साली तो जगाला दाखवला. 140 किलो वजन, पेशंटला खाटेवरून अलगद उचलून खुर्चीत बसवायचा. दहा वर्षं उलटली, पण तो प्रयोगाच्या पलीकडे गेला नाही. तरी समज, उद्या आला. पेशंट उचलणं किती जड आहे ते माझ्या कमरेला विचार. मी तर त्याचं स्वागतच करीन.

पण कूस बदलताना आपण काय काय करतो ते तू कधी मोजलंयस? खांद्याला आणि कमरेला हात घालतानाच अंग तापलंय की गार पडलंय ते कळतं. पाठ उघडी झाली की माकडहाडावर लाली दिसते का, टाचा कशा आहेत ते बघतो. चादर ओली आहे का? कॅथेटरची नळी मांडीखाली दबली आहे का? बॅगेतल्या लघवीचा रंग कालपेक्षा गडद आहे का? ड्रेसिंगला वास येतोय का? वळवताना तो कण्हला का, आणि काल ज्या कुशीवर कण्हला होता त्याच कुशीवर का? हे सगळं होत असताना तोंडानं मात्र आपण त्याच्या म्हशीची चौकशी करत असतो. दोन मिनिटांचं काम. चार्टवर मी एवढंच लिहिते: पोझिशन बदलली, वेळ, सही. यंत्र बनवणाऱ्याला चार्टवरची ती ओळ दिसते आणि तो तेवढंच काम करणारं यंत्र बनवतो. बाकीचं कुठं लिहिलेलंच नसतं गं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात ना? 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून 18 मे 2015 ला त्या गेल्या तोवर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सुमारे 42 वर्षं. दयामरणाचा तो खटला, 2011 चा निकाल, त्यातले प्रश्न फार मोठे आहेत. त्यात मी इथे शिरत नाही. पण इतकी वर्षं खाटेला खिळूनही त्यांना बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, झालं नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. लोकांनी ते वाचलं आणि पान उलटलं. आपण दोघी जाणतो त्याचा अर्थ. दर दोन तासांनी, दिवसातून बारा वेळा, कुणीतरी ती पाठ बघितली होती. अरुणाताईंना कामावर कधी पाहिलंही नव्हतं अशा मुली नोकरीला लागल्या, त्यांनी बघितली.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेले एक आजोबा, तिसरा दिवस. माणूस भारी तापट. चहा गार का, पंखा हळू का, दर राउंडला तक्रार. एक टॉवेल होता त्यांचा, त्याची नीट चौघडी करून उशाशी ठेवायचे आणि कुणी हलवला की ओरडायचे. त्या रात्री अकराच्या राउंडला गेले तर टॉवेल खाली पडलेला. मी उचलून दिला, तर म्हणाले, ‘राहू दे पोरी, तुला त्रास.’ मॉनिटरवर सगळं ठीक. बीपी 110/70, ऑक्सिजन 96, नाडी 98. मी पावलांना हात लावला, गार. कपाळावर बारीक दव. डॉक्टर नवीन होते, आकडे ऐकून म्हणाले, ‘सिस्टर, स्टेबल आहेत की.’ मी म्हटलं, ‘सर, हे आजोबा माझ्याशी गोड बोलले. तुम्ही या.’ ते आले हे त्यांचं मोठेपण. पोट चाचपून बघितलं आणि सिनियरना फोन लावला. तासाभरात नाडी 130 वर गेली. रात्रीच पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. पंधरा दिवसांनी डिस्चार्ज झाला तेव्हा त्यांनी परत चहावरून माझ्याशी भांडण काढलं, आणि मी लिनन रूममध्ये जाऊन रडले.

गेल्या महिन्यात सीएनई, म्हणजे नोकरीतल्या नर्सच्या प्रशिक्षणासाठी, ‘तंत्रज्ञान आणि नर्सिंग’ यावर मलाच बोलायला सांगितलं. म्हणून नाईट उतरल्यावर बरंच वाचलं. आपल्याला जे पोटातून कळतं त्यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चक्क मोजपट्टी केली आहे. श्वास बदलला, रंग उतरला, माणूस बेचैन झाला, ‘मला बरं वाटत नाही’ म्हणाला, किंवा नर्सला नुसतंच काहीतरी खटकलं, तर ते धरायचं. आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या सारा रोसेट्टी आणि केनरिक केटो यांनी, दोघंही मुळात नर्स, एक संगणकप्रणाली बनवली. ती काय बघते ठाऊक आहे? नर्स किती वेळा येऊन बीपी घेते. चार तासांनी सांगितलं असताना रात्री दोनला मुद्दाम घेतलं का, नोंदीत नेहमीपेक्षा जास्तीचं काही लिहिलं का. नर्स एखाद्या खाटेभोवती घुटमळायला लागली की ती प्रणाली डॉक्टरांना सावध करते. 2025 मध्ये निकाल आले. 74 वॉर्ड, 60,000 हून जास्त पेशंट, आणि जिथे ती वापरली तिथे मृत्यूचा धोका 35.6 टक्क्यांनी कमी. मी हे वाचून उठून उभी राहिले, चिमणे. ते यंत्र आपल्या काळजीवर चालतं. नर्सच काढून घेतली तर ते वाचणार काय?

उलटंही वाचलं. रक्तातला जंतुसंसर्ग आधीच ओळखतो असं सांगितलेली एक प्रणाली मिशिगनमध्ये 2021 साली तपासली, तर तिनं 67 टक्के पेशंट हुकवले होते. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं 2013 साली सांगितलं की वॉर्डातल्या 85 ते 99 टक्के अलार्मना काही करावंच लागत नाही. आमच्या आयसीयूत उभं राहा म्हणजे कळेल. दिवसभर पीं पीं, आणि त्यात खरा कुठला ते ओळखायला पुन्हा माणूसच लागतो. आणि संगणक आल्यापासून आमचं लिहिणं दुप्पट झालंय, एकदा रजिस्टरमध्ये, एकदा स्क्रीनवर. तेवढा वेळ खाटेजवळचा जातो.

मला भीती यंत्राची नाही. ‘मॉनिटर लावलेत की, मग एवढ्या नर्स कशाला?’ असं मीटिंगमध्ये विचारणाऱ्या माणसाची आहे. कागदावर आयसीयूत एका पेशंटला एक नर्स. प्रत्यक्षात नाईटला मी काय काय बघितलंय ते तुला सांगायला नको. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा 2002 चा अभ्यास, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा. ऑपरेशनच्या पेशंटमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. पुढे युरोपातल्या नऊ देशांतही 2014 साली तोच आकडा आला. एका जास्तीच्या पेशंटमागे सात टक्के! आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2023 मध्ये जगात 58 लाख नर्स कमी होत्या. भाऊजींना सांग, लेक बेकार राहण्याची चिंता करू नका.

चिंता करायची तर पगाराची करा. 2016 साली केंद्राच्या समितीनं सुचवलं होतं की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 मिळावेत. आजही कितीतरी पोरी त्याहून कमीत बारा-बारा तास राबतात. त्यासाठी तिनं चांगलं कॉलेज, चांगलं प्रशिक्षण आणि सरकारी भरतीची तयारी, तिन्ही धरून ठेवावं. यंत्रंही शिकावीत, अगदी मन लावून. पंप, व्हेंटिलेटर, संगणक, सगळं. ज्या मुलीला यंत्र येतं तिचाच हात खाटेजवळ मोकळा राहतो.

तू नोकरी सोडलीस तेव्हा म्हणाली होतीस की घरी आल्यावरही कानात वॉर्डातला खोकला ऐकू येतो. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांच्या आधी तूच ओळखलंस ना की त्यांच्या छातीत पाणी झालंय? कसं, ते तुला सांगता आलं नव्हतं. लेकीनं ते लहानपणापासून बघितलंय. मला वाटतं, ती उगाच हट्ट करत नाहीये.

सीईटीचा फॉर्म भरून टाका. आणि मे महिन्यात तिला आठ दिवस माझ्याकडे पाठव. वॉर्डात मी तिला नेऊ शकेन की नाही ते मेट्रनना विचारून बघते, पण निदान माझ्या नाईट उतरलेल्या मैत्रिणींशी तिनं गच्चीवर बसून बोलावं. त्या गोड गोड सांगणार नाहीत, आणि तेच तिनं ऐकायला हवं.

येताना तिला मऊ तळव्याचे, आवाज न करणारे बूट घेऊन दे. आणि घेताना संध्याकाळी घे, एक नंबर मोठे. बारा तासांनी पाय सुजतात.

तुझी,
खिडकीजवळच्या खाटेवरची